घरच्या बजीची तब्येत कशी सांभाळायची: सुरुवात वजनकाट्यापासून

आमच्या बेळगाव-खानापूरकडं 'लव्हबर्ड' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बजी, म्हणजे बजरीगर जातीचे छोटे पोपट असतात, खरे लव्हबर्ड वेगळे. आमची पिवळी बजी मागच्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या दिवसापर्यंत वाटीवर बसून दाणे टिपत होती म्हणून आम्ही निर्धास्त, पण ती नुसतं सोलून टाकत होती, पोटात काहीच जात नव्हतं, आणि हातात घेतलं तेव्हा छातीचं हाड सुरीसारखं लागलं. पक्षी आजार लपवतात. पिसं फुगवून तळाला बसलेला दिसला म्हणजे बरेच दिवस आधीपासून तो आजारी असतो.

म्हणून पहिलं काम, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल काटा घ्या. सकाळी खाणं द्यायच्या आधी काट्यावर छोटा डबा ठेवून झिरो करा, राळ्याचं कणीस दाखवा, दोन-चार दिवसात पक्षी स्वतःच चढायला लागतो. बजी साधारण 30 ते 40 ग्रॅम, कॉकटील (दुकानात 'कॉकटेल' म्हणतात तो तुऱ्याचा पोपट) 80 ते 100 च्या आसपास, पण खरा आकडा आपल्या पक्ष्याचा, तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत जा. 36 ची बजी 32 वर आली म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त गेलं, मग ती कितीही बडबड करू दे, डॉक्टरकडं न्यायचंच.

दुसरं, तळाला साधा पेपर घाला आणि रोज बदला. भुसा नको, त्यात काही दिसत नाही. विष्ठेत तीन गोष्टी असतात, हिरवट-चॉकलेटी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला, अख्खे दाणे तसेच पडायला लागले तर फोटो काढून ठेवा. बीट खाल्ल्यावर लाल दिसतं, त्याला घाबरू नका.

खाण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता राळा, आपल्या बाजारात नवणे म्हणतात तो. त्यानं अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर रोज थोडं द्या, पहिले आठ-दहा दिवस तोंड लावणार नाही, तरी देत राहा. पिंजऱ्याला समुद्रफेस (माकूळचं पांढरं हाड) अडकवा. चॉकलेट, अव्होकॅडो, कांदा, चहा, खारं फरसाण अजिबात नको.

पावसाळ्यात तर जास्तच जपायला लागतं. खानापूरकडच्या ओलीत दाण्याला बुरशी लागते आणि ती बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते, म्हणून दाणे थोडेच आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला की फेकून द्या, पैसे गेले तर जाऊ देत. पिंजरा किचनमध्ये कधीच नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. मच्छर कॉइल आणि धूपसुद्धा लांबच.

नवीन पक्षी आणला की 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत. त्याची वाटी वेगळी, त्याचं सगळं शेवटी करायचं आणि हात धुवायचे. पोपटताप हा पक्ष्यांचा संसर्गाचा आजार माणसालाही होतो, घरात म्हातारी माणसं असतील तर हे जास्तच पाळा.

आता डॉक्टर. पक्षी ठणठणीत असतानाच एकदा दाखवून आणा आणि पुढं वर्षातून एकदा विष्ठा तपासून घ्या. तालुक्याच्या सरकारी पशू आस्पत्रेत मुख्य काम गाई-म्हशींचं, म्हणून आधी फोन करून पक्षी बघतात का विचारा. कन्नडच बोलणारे डॉक्टर असले तर वजनाला तूक आणि विष्ठेला हिक्के म्हणायचं, काम होतं. कोंबड्यांची रानीखेत रोगाची लस बजीला आपल्या मनानं देऊ नका, आणि दुकानातली अँटिबायोटिक पावडर पाण्यात घालू नका, चव बदलली की पक्षी पाणीच पीत नाही आणि डोसही नीट जात नाही.

नेताना छोट्या पिंजऱ्यावर कापड टाका, बसमध्ये खिडकीचा वारा लागू देऊ नका. आणि निघताना पिंजरा धुवून चकाचक करू नका, त्या दिवसाचा तळाचा पेपर तसाच घेऊन जा, डॉक्टरना आधी तोच बघायचा असतो.