डेटाबेस सर्व्हरमध्ये खरे कोअर किती? भागाकार करण्याआधी हे बघा

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं लायसन्स कोअर मोजून लागतं, मॅक्सडॉप (एक क्वेरी एकाच वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेसर वापरेल ती सेटिंग) लॉजिकल प्रोसेसर मोजून ठरतो आणि स्टँडर्ड एडिशनची मर्यादा सॉकेट व कोअर दोन्हींवर बसते. त्यामुळे ‘या मशीनला सीपीयू किती?’ असं विचारलं तर तीन वेगळे आकडे द्यावे लागतात. टास्क मॅनेजरमधले चौकोन मोजून त्यातला एकच हाती लागतो.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर चिप बसते ती जागा. त्या चिपमध्ये अनेक कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर इंटेल झिऑनचा एकेक कोअर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन लॉजिकल प्रोसेसर (थ्रेड) म्हणून दिसतो. एएमडी एपिकमध्ये याच सोयीला एसएमटी म्हणतात. दोन्ही थ्रेड एकाच कोअरची गणिती यंत्रणा आणि कॅश वापरतात. एक थ्रेड मेमरीतून डेटा यायची वाट बघत असेल तेव्हा दुसऱ्याचं काम उरकतं, फायदा एवढाच. म्हणून सीपीयू ६० टक्के दिसतोय म्हणजे अजून ४० टक्के हातात आहे, हा हिशेब हायपरथ्रेडिंगच्या मशीनवर चालत नाही. सगळे कोअर कामाला लागल्यावर पुढची वाढ फार थोडी मिळते.

एसक्यूएल सर्व्हरलाच विचारा

सिस.डीएम_ओएस_सिस_इन्फो या व्ह्यूमध्ये (सर्व्हरची माहिती देणाऱ्या तयार तक्त्यात) सीपीयू_काउंट आणि हायपरथ्रेड_रेशो असे दोन कॉलम आहेत. (व्ह्यू सर्व्हर स्टेट ही परवानगी लागते, २०२२ पासून व्ह्यू सर्व्हर परफॉर्मन्स स्टेट.) पहिल्याला दुसऱ्याने भागलं की फिजिकल कोअर मिळतात, असं समजून लिहिलेल्या स्क्रिप्ट अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालू आहेत. ते चूक आहे. हायपरथ्रेड_रेशो हे नावच फसवं आहे: एका कोअरवर किती थ्रेड हे तो सांगत नाही, एका सॉकेटमधून किती लॉजिकल प्रोसेसर दिसतात ते सांगतो. त्यामुळे भागाकार करून सॉकेटची संख्या येते.

दोन मशीन घ्या. पहिल्यात २ सॉकेट, प्रत्येकी ८ कोअर, हायपरथ्रेडिंग चालू. दुसऱ्यात २ सॉकेट, प्रत्येकी १६ कोअर, हायपरथ्रेडिंग बंद. दोन्हीकडे सीपीयू_काउंट ३२ आणि हायपरथ्रेड_रेशो १६ येईल. एकीकडे खरे कोअर १६ आणि दुसरीकडे ३२, तरी या दोन कॉलमवरून फरक कळायला मार्गच नाही.

एसक्यूएल सर्व्हर २०१६ सर्व्हिस पॅक २ पासून याच व्ह्यूमध्ये सॉकेट_काउंट आणि कोअर्स_पर_सॉकेट आले. त्यांचा गुणाकार म्हणजे फिजिकल कोअर. सीपीयू_काउंट त्याच्या दुप्पट असेल तर हायपरथ्रेडिंग चालू, तेवढाच असेल तर बंद. मात्र याच ओळीत व्हर्च्युअल_मशीन_टाइप_डेस्क हा कॉलमही वाचा. तिथे ‘हायपरव्हायझर’ दिसलं तर वरचे आकडे व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) दाखवलेले आहेत असं धरून चाला. खालच्या लोखंडाशी, म्हणजे खऱ्या हार्डवेअरशी, त्यांचा संबंध असेलच असं नाही.

जुन्या आवृत्तीवर एररलॉग (एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या नोंदी ठेवतो ती फाइल) बघा. २०१२ पासून इन्स्टन्स, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची चालू प्रत, सुरू होताना एक ओळ पडते: ‘डिटेक्टेड २ सॉकेट्स विथ ८ कोअर्स पर सॉकेट अँड १६ लॉजिकल प्रोसेसर्स पर सॉकेट, ३२ टोटल लॉजिकल प्रोसेसर्स, युझिंग ३२ लॉजिकल प्रोसेसर्स बेस्ड ऑन एसक्यूएल सर्व्हर लायसन्सिंग’. एक्सपी_रीडएररलॉग चालवून ‘डिटेक्टेड’ हा शब्द शोधा. ओळ सापडली नाही तर बहुतेक वेळा लॉग सायकल झालेला असतो, म्हणजे नवी फाइल सुरू झालेली असते. मग १, २, ३ असे जुने लॉग क्रमाने उघडा.

या ओळीत ‘युझिंग’च्या पुढचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो ‘टोटल’पेक्षा कमी असेल तर विकत घेतलेलं हार्डवेअर पडून आहे. सर्व्हर आणि सीएएल (वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे घ्यायचा परवाना) लायसन्सवरच्या एंटरप्राइझ एडिशनला २० कोअरची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या मशीनवर हायपरथ्रेडिंगसह तिथे ४० हा आकडा दिसतो.

व्हीएमवर नेमकं काय बिघडतं

स्टँडर्ड एडिशन २०१६ ते २०२२ मध्ये ४ सॉकेट किंवा २४ कोअर, यातलं जे कमी ते वापरते. आता समजा, व्हीएमला ८ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) दिले, पण ‘कोअर्स पर सॉकेट’ १ वरच राहिलं. एसक्यूएल सर्व्हरला ८ सॉकेट दिसतात, तो ४ घेतो आणि उरलेले ४ व्हीसीपीयू रिकामे बसतात. लायसन्सचे पैसे मात्र आठांचे. खात्री करायची तर सिस.डीएम_ओएस_शेड्युलर्समध्ये स्टेटस बघा: चार ओळींवर ‘व्हिजिबल ऑफलाइन’ असेल. उपाय सोपा आहे. व्हीएम बंद करा, कोअर्स पर सॉकेट ४ करा म्हणजे २ सॉकेट होतील, मशीन चालू करा आणि एररलॉगमधली ओळ परत वाचा. एक्स्प्रेस एडिशनला १ सॉकेट किंवा ४ कोअर एवढीच मुभा आहे, तिथे तर हा घोळ आणखी महागात पडतो.

क्लाउडवर इंटेलच्या बहुतेक मशीनमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे एक हायपरथ्रेड. त्यामुळे जुन्या सर्व्हरचे १६ कोअर मोजून क्लाउडवर १६ व्हीसीपीयू मागितले की निम्मेच कोअर मिळतात.

विंडोज आणि लिनक्सवर पडताळणी

विंडोजवर एमएसइन्फो३२ उघडलं की प्रत्येक सॉकेटसाठी ‘प्रोसेसर’ची वेगळी ओळ दिसते, तिच्यातच कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर लिहिलेले असतात. सिसइंटर्नल्सचं कोअरइन्फो उणे-सी लावून चालवलं तर कोणते दोन लॉजिकल प्रोसेसर एकाच कोअरचे आहेत ते तारकांच्या जोड्यांनी दिसतं. ॲफिनिटी (कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर चालवायचं ते) ठरवायची असेल तर हेच वापरावं.

लिनक्सवर एलएससीपीयू पुरेसं आहे: ‘सॉकेट’ गुणिले ‘कोअर पर सॉकेट’ म्हणजे फिजिकल कोअर, आणि ‘थ्रेड पर कोअर’ २ असेल तर हायपरथ्रेडिंग चालू. एनप्रॉकवर विसंबू नका. तो चालू प्रोसेसला मिळालेले लॉजिकल प्रोसेसर मोजतो. ॲफिनिटी लावली असेल तर आकडा आणखी घटतो. प्रॉक/सीपीयूइन्फोमधून मोजणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे फक्त ‘कोअर आयडी’ वेगळे काढणं. दुसऱ्या सॉकेटवर तेच क्रमांक पुन्हा येतात, म्हणून ‘फिजिकल आयडी’ आणि ‘कोअर आयडी’ यांची जोडी मोजायची.

ओरॅकलवाल्यांनी व्ही$ओएसस्टॅटमधल्या नम_सीपीयूज, नम_सीपीयू_कोअर्स आणि नम_सीपीयू_सॉकेट्स या तीन ओळी बघाव्यात. तिथला सीपीयू_काउंट पॅरामीटर हाताने बदलला नसेल तर लॉजिकल प्रोसेसरच मोजतो.

कोणता आकडा कुठे लावायचा

फिजिकल मशीनचं कोअर लायसन्स: फक्त फिजिकल कोअर, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४. वरच्या पहिल्या मशीनला १६ कोअर, म्हणजे दोन-दोनचे ८ पॅक. ३२ मोजून दुप्पट खरेदी करू नका. व्हीएमचं लायसन्स स्वतंत्र घेतलं असेल तर व्हीसीपीयू मोजतात, तिथेही किमान ४.

टेम्पडीबीच्या (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसच्या) फायली लॉजिकल प्रोसेसरइतक्या, पण सुरुवातीला ८ च्या वर नको. मॅक्सडॉपही लॉजिकलवरच, आणि तोही एका न्यूमा नोडमधल्या (नोड म्हणजे काही प्रोसेसर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट): एकाहून जास्त नोडच्या मशीनवर नोडमध्ये १६ किंवा कमी असतील तर तेवढा किंवा त्याहून कमी, जास्त असतील तर निम्मे, कमाल १६. बायोसमध्ये कोणी हायपरथ्रेडिंग बंद केलं तर पहिल्या मशीनच्या नोडमध्ये १६ ऐवजी ८ उरतात आणि जुना मॅक्सडॉप १६ तसाच राहतो. तो हाताने ८ वर आणा.