घोडा ओळखतो, पण काय म्हणून? नव्या मालकांनी या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते आणि पुढच्या महिन्याभरात ठरलेली तक्रार कानावर येते: "तिथे अगदी गाय होती हो, घरी आणली आणि लाथा झाडायला लागली." घोडी तीच असते. घेताना भोवरे पाहिले, दात पाहिले, चाल पाहिली. तिला खरारा कोण करतो, हाक काय मारतो, चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, काय घालतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

घोडा माणूस ओळखतो का, ही शंका काढूनच टाका. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या प्रयोगात, २०१२ साली, ओळखीच्या माणसाचा आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्यावर घोडे नेमके त्याच माणसाकडे बघत होते. फ्रान्समध्ये २०२० साली घोड्यांना पडद्यावर फोटो दाखवले, तर सहा महिन्यांत न भेटलेला सांभाळणाराही त्यांनी ओळखून काढला. तेव्हा ओळख बसायला तुम्हाला फार काही करावं लागत नाही. ओळखीबरोबर घोड्याला काय आठवतं, घोळ तिथे होतो.

गुळाची मैत्री

ही सगळ्यांची लाडकी चूक, आणि तिचा क्रम दर वर्षी जवळपास सारखाच असतो. नवा मालक खिशात गुळाचे खडे घेऊन गोठ्यात जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी घोडी त्याला बघून फुरफुरते, कठड्याशी येते. मालक खूश, व्हिडिओ निघतो, "मला ओळखायला लागली". लागली खरी, पण खिशाला. आठवड्याभरात ती खिसा हुंगू लागते आणि एके दिवशी सदऱ्यासकट कातडी दातात धरते. मालक दचकून तोंडावर चापट मारतो. आता तोच हात गूळही देतो आणि मारतोही, म्हणून हात वर गेला की घोडी मान उंच करते. मान उंच झाली की मोरकी, म्हणजे तोंडावर चढवायची पट्ट्यांची बांधणी, चढत नाही. मग दोघं-तिघं जमतात, एकजण कान पिळतो. घोडी जागच्या जागी थिजते आणि लोक म्हणतात, "आली वठणीवर." दुसऱ्या दिवशी ती कानाजवळ कुणाचाच हात येऊ देत नाही. मोकळ्या रानात सोडली तर मालक दिसताच लांब सरकते, शेजारच्या पोराला मात्र बिनदिक्कत जवळ येऊ देते. मालकाला तिने सगळ्यांत पक्कं ओळखलेलं असतं!

कान पिळणं ही पाच मिनिटं वाचवायची युक्ती आहे आणि ती पुढचे कितीतरी दिवस खाते. कुणी कितीही जुनाजाणता सांगो, करू नका.

घडी विस्कटली असेल तर पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा. हातातून गूळ बंद. द्यायचाच असेल तर काम आटोपल्यावर घमेल्यात टाकून द्या. रोज एका ठरावीक वेळी, चंदीची वेळ सोडून, बादली न घेता रिकाम्या हाताने जा. अयाळ संपून पाठ सुरू होते तो उंचवटा बोटांच्या टोकांनी जरा जोर लावून खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली मोजूनही दाखवलं आहे. मान खाली आली, वरचा ओठ लांबून थरथरायला लागला, की जागा बरोबर सापडली. दोन मिनिटं खाजवा आणि ती निघून जायच्या आत तुम्ही निघा. चटचट थोपटणं माणसाला आवडतं, घोड्याला त्यात काही विशेष नाही.

कानाला हात लावू न देणाऱ्या घोडीची मोरकी कानांवरून सरकवायचीच नाही. गालाजवळचं बकल पूर्ण उघडा, पट्टा मानेवरून पलीकडे टाका आणि कानांच्या मागे लावा. आधी नुसता पट्टा मानेवर ठेवायचा आणि काढायचा, दहा वेळा. यात आठवडा गेला तरी जाऊ द्या. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी मोटरसायकल घ्यावी.

समोरून थेट अंगावर जाणं

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. नवखा माणूस नेमका कपाळावर हात फिरवायला जातो. आधी हाक द्या, मग डाव्या खांद्याच्या रोखाने तिरके जा आणि हातभर अंतरावर थांबा. कान तुमच्याकडे वळले तर पुढे, मान वळवून घेतली तर तिथेच थांबा.

आणि चिडून जाऊ नका. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं, आणि तेवढ्यावर हान्स थांबतो. इतकं बारीक बघणाऱ्या जनावरासमोर दात आवळून "ये बाळा" म्हणण्यात काय अर्थ आहे?

दुखणं म्हणजे खोड नव्हे

खोगीर दिसताच कान मागे पडतात, पोटाकडे वळून चावायला बघते, तर "मालकावर राग आहे" असं ठरवण्याआधी पाठीवर बोटं दाबत जा. कुठे कातडी आकसते, कुठे पाठ खाली बसते ते बघा. खोगिराखालची घडी, तंगाखालचं (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखालचं) सोलटलेलं कातडं, दातांची धारदार कड, नेहमीची कारणं हीच. तंगही एका दमात आवळू नका. आधी सैल लावा, चार पावलं चालवा, थोडा आवळा, पुन्हा चालवा.

बाकीच्या चुका

उशिरा शिक्षा. चूक घडली त्याच क्षणी नाही, तर नाहीच. पाच मिनिटांनी मारलंत तर घोडा ते चुकीला नाही, तुम्हाला जोडतो.

दोरी ताणून ठेवणं. एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी सैल सोडा, नाहीतर चालायचं कशासाठी?

घरभर मालक. पहिले तीन आठवडे चंदी, पाणी, खरारा एकाच माणसाने करावा आणि हाकही एकच असावी. वडील "राजा", मुलगा "हिरो", गडी "ए चल" म्हणतो, मग घोडा येत नाही म्हणून ओरड.

खरारा उरकणं. रबरी खरारा मानेपासून मागे गोल फिरवत, वीसेक मिनिटं. तोंडावर आणि गुडघ्याखाली तो चालवू नका, तिथे मऊ ब्रश घ्या.

चारा एकदम बदलणं. यात्रेतून निघताना जुन्या मालकाकडून आठवड्याची वैरण आणि चंदी मागून घ्या, आणि सात ते दहा दिवसांत थोडी थोडी बदला. नव्या घरी पहिल्याच आठवड्यात पोटशूळ उठला तर घोडी लोळणार, घामाघूम होणार, आणि तुमची ओळख त्या कळांबरोबर होणार.

एकटा घोडा. हे कळपाचं जनावर आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान शेळी बांधा, पण तिची दावण अशा अंतरावर ठेवा की तिचं तोंड चंदीपर्यंत पोचणार नाही.