प्रवासाची आखणी तारखांपासून सुरू करावी

काही वर्षांपूर्वी आईला वेरूळचे कैलास लेणे दाखवायचे म्हणून आम्ही छत्रपती संभाजीनगरला मुक्काम केला. सोमवारी बीबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला पाहिला, आणि मंगळवारी सकाळी डबा, पाण्याच्या बाटल्या घेऊन वेरूळला पोचलो, तर लेण्यांचे दार बंद. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. बुधवारी परतीची गाडी होती. आईने शेजारच्या घृष्णेश्वराचे दर्शन घेतले, पण कैलास लेणे त्या खेपेस पाहायचे राहून गेले. दोन दिवसांची अदलाबदल केली असती तर सगळे जमले असते, आणि तेवढ्यासाठी आदल्या आठवड्यात पाच मिनिटे काढणे पुरेसे होते.

त्यानंतर घरातल्या आणि नातेवाइकांच्या प्रत्येक सहलीची आखणी मी स्थळांच्या यादीपासून न करता तारखांपासून करू लागलो. कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, कोणते आरक्षण किती दिवस आधी खुले होते आणि कोणत्या परवान्याला किती वेळ लागतो, हे आधी कळले की बाकीचा बेत त्याभोवती सहज बसतो. खाली जी साधने सांगतो आहे ती याच कामासाठी मला वर्षानुवर्षे उपयोगी पडलेली आहेत.

एक वही आणि सात रकाने

पहिले साधन म्हणजे साधी लांब वही. संगणकावरचा तक्ताही चालतो, पण घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी पाहता येते ती वहीच. एका पानावर तारीख, वार, गाव, पोचण्याची वेळ, मुक्काम, आरक्षण क्रमांक आणि फोन असे सात रकाने आखावेत. यांतला वाराचा रकाना लोक गाळतात, आणि नेमका तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, ताडोब्याची सफारी मंगळवारी नसते, पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी उघडत नाहीत. हे सगळे त्या त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असते. नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या वेळा बहुतेकदा बरोबर असल्या, तरी शेवटचा शब्द अधिकृत संकेतस्थळाचाच मानावा.

वही भरल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन प्रकारच्या तारखांना खूण करावी: प्रवासाच्या तारखा एका रंगात आणि आरक्षण खुले होण्याच्या तारखा दुसऱ्या रंगात. स्वयंपाकघरात येता-जाता नजर पडते, आणि त्यामुळे तारीख हुकत नाही.

रेल्वे

रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवसांची झाली आहे, आणि खिडकी सकाळी ८ वाजता उघडते. हा हिशेब बोटांवर न करता दिनदर्शिकेवर करावा. उदाहरणार्थ, २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. शनिवारी १२ सप्टेंबरला कोकणात निघायचे असेल, तर आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडणे, प्रवाशांची नावे मुख्य यादीत आधीच भरून ठेवणे आणि पैसे भरण्याचा मार्ग तपासणे ही कामे आदल्या आठवड्यात उरकावीत. त्या दिवशी सकाळी फक्त गाडी निवडून पुढे जायचे राहिले पाहिजे. तात्काळची खिडकी आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता, आणि तेथेही आधारशी जोडलेले खाते लागतेच.

तिकीट प्रतीक्षा यादीत गेले तर नुसता आकडा पाहू नये, त्यामागची अक्षरेही वाचावीत. जीएनडब्ल्यूएल ही सर्वसाधारण यादी असून ती सहसा सर्वांत वेगाने पुढे सरकते. पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल या मधल्या स्थानकांच्या छोट्या कोट्यांच्या याद्या असल्याने त्यांतला बारावा क्रमांकही पुष्कळदा तसाच अडकून राहतो. आरएसी असेल तर निदान बसायला जागा नक्की मिळते, मात्र बाजूचा खालचा बाक दोघांत वाटून घ्यावा लागतो. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. म्हणून अशा तिकिटाच्या भरवशावर पुढच्या गावचा पैसे परत न मिळणारा मुक्काम कधीही आरक्षित करू नये.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात या मार्गावरच्या गाड्या सावकाश धावतात आणि वेळापत्रक वेगळे असते. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. मे महिन्यातल्या अनुभवावरून जुलैमधल्या गाडीची वेळ गृहीत धरून स्थानकावर पोचलेली माणसे मी पाहिली आहेत. गाडी आत्ता कोठे आहे हे पाहण्यासाठी रेल्वेची एनटीईएस ही चौकशी सेवा वापरावी.

एसटी, घाट आणि पाऊस

महाराष्ट्रातल्या सहलीसाठी एसटीइतके दूरवर पोचणारे दुसरे साधन नाही, आणि तिच्या सवलतींचा हिशेब खर्चाच्या पानावर मांडलाच पाहिजे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात प्रवास मोफत आहे. ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोज मुक्काम हलवणाऱ्यासाठी तो फार सोयीचा आहे. आडगावच्या गाडीची वेळ संकेतस्थळावर पाहून थांबू नये. त्या डेपोच्या चौकशी खिडकीला फोन करावा, कारण मुक्कामी गाडी शाळेच्या सुट्टीत बंद आहे का, हे तेथेच कळते.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याने नकाशावर दिसणाऱ्या वेळेत घाटासाठी भर घालावी. पावसाळ्यात तर रस्ता चालू आहे का, इथूनच सुरुवात करावी. भोर आणि महाड यांना जोडणारा वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद केला जातो, आणि त्याची सूचना जिल्हा प्रशासन काढते. भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ हे अ‍ॅप जिल्हावार इशारे देते. पिवळा इशारा असला तर सावध राहून निघता येते, नारिंगी असला तर घाट आणि धबधबे टाळावेत, आणि लाल असला तर बेत पुढे ढकलावा. सह्याद्रीत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. गुगल मॅप्समध्ये ही सोय आहे, परंतु पायवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स हे मोफत अ‍ॅप मला अधिक भरवशाचे वाटते.

मुक्कामाबद्दल थोडक्यात सांगतो. पर्यटन महामंडळाची निवासस्थाने जागेच्या दृष्टीने उत्तम असतात. गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा यांची सुट्टीच्या दिवसांची आरक्षणे लवकर करावीत. घरगुती निवासाबाबत अभिप्राय वाचून झाल्यावर एक फोन करावा आणि जेवणाचे विचारावे. कोकणात पुष्कळ घरी ‘आदल्या रात्री माणसे किती ते सांगा’ असे म्हणतात, आणि ते सांगितले की सकाळी बाजारातून ताजे मासे आणले जातात.

देशातच लागणारे परवाने, आणि दोन शेजारी

अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागते. ते ऑनलाइन मिळते, पण विमानाच्या तिकिटाबरोबरच त्याची तारीख वहीत लिहावी. नेपाळ आणि भूतानला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, आधार कार्डावर विसंबू नये. भूतानमध्ये भारतीय प्रौढ प्रवाशाला प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. चार जणांच्या पाच रात्री धरल्या तर हे २४,००० रुपये होतात, आणि खर्चाच्या अंदाजात ते पहिल्या ओळीत यायला हवेत.

परदेश: आधी पासपोर्ट, मग तिकीट

परदेशाची आखणी पासपोर्ट हातात घेऊन सुरू करावी. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने त्याची मुदत शिल्लक असावी आणि दोन पाने कोरी असावीत. त्यानंतर नाव पाहावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी रीत आहे. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र छापलेली असतात आणि आडनाव वेगळे. विमानाच्या तिकिटावर, व्हिसाच्या अर्जावर आणि विम्याच्या कागदावर हे नाव अक्षरशः जसेच्या तसे असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे विशेष काळजीने तपासावे.

शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, उदाहरण घेऊ, कारण मराठी कुटुंबांच्या युरोप सहलीत पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम हा मार्ग फार आवडता आहे. समजा पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला चार आणि रोमला तीन रात्री राहायचे आहे. अर्ज जेथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे, म्हणजे येथे स्वित्झर्लंडकडे करावा लागतो. पहिले विमान पॅरिसला उतरते म्हणून फ्रान्सकडे अर्ज करणे चूक ठरते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी केलाच पाहिजे. १० मे रोजी निघायचे असेल तर १० नोव्हेंबरपासून दार उघडे असते. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते, म्हणून जानेवारी किंवा फेब्रुवारीत अर्ज द्यावा असे माझे ठाम मत आहे. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि वैद्यकीय खर्चाचे विमासंरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडायचा असतो, आणि तेथे वहीतले तेच पान टंकलिखित करून देता येते.

व्हिसाच्या नियमांबाबत मी फक्त त्या देशाच्या दूतावासाचे किंवा सरकारचे संकेतस्थळ मानतो. चित्रफिती आणि ओळखीच्यांचे अनुभव ऐकावेत, पण नियम वर्षभरात दोनदा बदलू शकतात.

परदेशातल्या गाड्या आणि तिकिटे

दोन गावांमध्ये काय साधन आहे हे ठाऊक नसेल, तर रोमटूरिओवर आधी पाहावे. बस, रेल्वे, बोट, विमान असे सगळे पर्याय एकत्र दिसतात, परंतु तेथले भाडे अंदाजी समजावे. रेल्वेसाठी ‘सीट सिक्स्टी वन’ हे संकेतस्थळ मला सर्वांत मोलाचे वाटते. मार्क स्मिथ या रेल्वेप्रेमी गृहस्थाने ते २००१ साली सुरू केले. कोणत्या देशात तिकीट कोठे काढावे आणि कोणता डबा कसा असतो, इतके बारकावे तेथे मिळतात. शहराची ओळख करून घेण्यासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेले विकिव्हॉयेज वाचावे. त्याचे लेख मोफत आहेत आणि ते छापून नेता येतात.

स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी या तेथल्या रेल्वेचे अ‍ॅप उतरवावे. दोन स्थानके टाकली की गाडी, फलाट आणि गाडी बदलायला मिळणारी मिनिटे दिसतात. तेथल्या पासचा हिशेब मात्र कागदावर मांडावा. स्विस ट्रॅव्हल पासवर गाड्या, बसगाड्या आणि बोटींना वेगळे तिकीट लागत नाही, पण आल्प्समधल्या युंगफ्राउयोख या उंच रेल्वे स्थानकापर्यंतचा पूर्ण प्रवास त्यात येत नाही. वरच्या टप्प्यावर २५ टक्के सूट मिळते, आणि हाफ फेअर कार्डावर तोच प्रवास अर्ध्या भाड्यात होतो. एका गावी राहून दोन-तीन महागडी शिखरे पाहणाऱ्याला कार्ड परवडते, तर रोज गाव बदलणाऱ्याला पास. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि ढग आले तर समोर नुसते पांढरे दिसते, म्हणून वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र सकाळी पाहून मगच तिकीट काढावे.

रोमच्या कलोसियमची अधिकृत तिकिटे ३० दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर नाव असते. दिनदर्शिकेवर दुसऱ्या रंगाची खूण येथेही करावी. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेतले, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. दुकानात कार्ड लावल्यावर रक्कम रुपयांत हवी की युरोत असा प्रश्न पडद्यावर येतो. रुपये ओळखीचे वाटतात, पण तेव्हा युरोच निवडावेत, कारण रुपयांचा दर दुकानाकडील यंत्रणा ठरवते आणि तो महाग असतो. दुसरे, सहल कंपनीकडून परदेशी सहल घेताना जो टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती वहीत जपून ठेवावी.

शेवटचा आठवडा

निघण्यापूर्वी सात दिवस वहीचे पान पुन्हा वाचावे आणि प्रत्येक ओळीसाठी अधिकृत संकेतस्थळ किंवा फोन यांपैकी एकाने खात्री करून बरोबरची खूण करावी. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकिटे यांच्या छायाप्रतींचे दोन संच करावेत. एक संच मूळ कागदांपासून वेगळ्या बॅगेत ठेवावा. दुसरा संच घरी राहणाऱ्या माणसाकडे द्यावा, आणि त्याच्या वरच्या पानावर त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन क्रमांक व विमा कंपनीचा तातडीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा.