टूथपेस्टने हेडलाइट, भांड्यांच्या लिक्विडने बोनेट: या चुका टाळा

पिवळट पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट चोळली की तो दहा मिनिटांत उजळतो, असं घरगुती उपायांच्या व्हिडिओंत दाखवतात. यात खोटं काही नाही, मी एका जुन्या गाडीवर स्वतः करून पाहिलंय. व्हिडिओ त्या उजळलेल्या दिव्यावर संपतो. माझ्या गाडीची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. दोन महिन्यांत दिवे परत पिवळे झाले, तेही आधीपेक्षा जास्त.

त्याला आपण ‘हेडलाइटची काच’ म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते वाचावं म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो थर खराब होतो, तेव्हा दिवा धुरकट दिसू लागतो. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. ती वरचा खराब भाग खरवडून काढते, म्हणून लगेच फरक दिसतो. पण त्यासोबत उरलासुरला चांगला थरही जातो आणि त्याच्या जागी नवीन काहीच येत नाही. उघडं पडलेलं प्लॅस्टिक मग झपाट्याने पिवळं होतं.

हा प्रयोग करून झाला असेल तर निदान पुन्हा करू नका. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा, 1000, 2000 आणि 3000 ग्रिटचे (आकडा मोठा तितका कागद बारीक) वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर, ओले करून याच क्रमाने फिरवा आणि मग पॉलिश करा. शेवटी अतिनील किरण अडवणारा कोट चढवा. नेमकं हेच शेवटचं काम लोक सोडून देतात, आणि ते करणार नसाल तर आधीची घासाघीस फुकट. दिव्याच्या आतून बाष्प धरत असेल तर मात्र बाहेरून काहीही चोळून उपयोग नाही. तिथे सील गेलेलं असतं किंवा हवा जायची वाट तुंबलेली असते.

रंगावर घासणं

गाडीची चमक रंगाची नसते, रंगावरच्या क्लिअर कोटची, म्हणजे पारदर्शक थराची असते. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. टूथपेस्ट, सोडा, हिरवी घासणी, डाग पुसायचा पांढरा ‘जादुई’ स्पंज, सगळे याच थरातून आपापला वाटा उचलतात. हिरव्या घासणीत तर धातू घासायला वापरतात तसले कण चिकटवलेले असतात. पक्ष्याची वाळलेली विष्ठा तिने खरवडणाऱ्याला नंतर विष्ठेचा डाग दिसत नाही, कारण तिथे आता ओरखड्यांचं वर्तुळ असतं. अशी विष्ठा ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं भिजू द्या, मग अलगद उचला.

खरं नुकसान मात्र कोणत्याही युक्तीने होत नाही इतकं रोजच्या कोरड्या फडक्याने होतं. जुना बनियन किंवा टॉवेल घेऊन सकाळी गाडीवरची धूळ झटकायची सवय. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि फडक्याखाली ती पॉलिश पेपरचं काम करते. मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून बघा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या तर त्या याच सवयीच्या. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या, मग शॅम्पू आणि मायक्रोफायबर. दोन बादल्या ठेवा, एक शॅम्पूची आणि एक कापड खळबळायची. उमटलेली जाळी वॅक्सने झाकली जाते, पण जाते ती पॉलिशनेच.

भांडी घासायच्या लिक्विडबद्दल जरा टोकाचं बोललं जातं. एकदा वापरल्याने रंग निघून येत नाही. ते तेलकटपणा काढायला बनलेलं असतं, म्हणून गाडीवरचं वॅक्सही धुऊन नेतं, इतकंच. नवीन वॅक्स लावायच्या आधी कुणी मुद्दाम ते वापरलं तर मी भांडणार नाही. दर आठवड्याला वापरायचं असेल तर मात्र वॅक्सवर पैसे घालवू नका. कपड्यांची पावडर त्याहून वाईट, कारण न विरघळलेले दाणे ओरखडे पाडतात.

व्हिनेगर कुठे चालतं

कडक पाण्याचे पांढरे ठिपके व्हिनेगरने जातात. ते क्षार असतात आणि आम्लात विरघळतात. पण निम्मं पाणी घाला, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असू द्या, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. तापलेल्या बोनेटवर ओतून चहा प्यायला गेलात तर आम्ल तिथेच वाळेल. ठिपका धुऊनही गेला नाही आणि बोटाला खळगा लागला, तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय. अशा जागी व्हिनेगर वाढवू नका, पॉलिशचं बघा.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर जी फसफस होते तिच्यावर लोकांचा फार विश्वास. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. उरतं पाणी, थोडं सोडियम अॅसिटेट आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड.

हे निरुपयोगी असलं तरी निरुपद्रवी आहे. ब्लीचचं तसं नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन. गाडीसारख्या बंद जागेत हे प्रकरण थेट फुप्फुसांवर येतं. सीटवर ब्लीच नकोच.

टॉयलेट क्लीनरने अलॉय व्हील चकाकतात असंही सांगितलं जातं. त्यातल्या अनेकांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते अॅल्युमिनियम खातं आणि शिंतोडे ब्रेकच्या डिस्कवर उडून गंज धरतो.

गाडीच्या आत

अमोनिया असलेला काचेचा स्प्रे खिडकीच्या फिल्मवर आणि टचस्क्रीनवर नको. फिल्म कडेला सुटते, स्क्रीनवरचा चकाकी रोखणारा थर डागाळतो. स्क्रीनला किंचित ओलसर मायक्रोफायबर पुरतं. सॅनिटायझरचा हात स्टिअरिंगला लावण्याआधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर त्यातलं अल्कोहोल चामड्यावरचा थर मऊ करतं.

डॅशबोर्डवर तेल चोळणाऱ्यांना संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून गाडी चालवायला लावावी. पुढच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब असं पडतं की रस्ता दिसत नाही. शिवाय धूळ चिकटते ती वेगळीच. लावलंच असेल तर पातळ केलेल्या शॅम्पूत भिजवून पिळलेल्या फडक्याने दोनतीनदा पुसा. स्टिअरिंग आणि पेडलवर तर तेलाचा थेंबही नको.

आणि डांबराच्या ठिपक्यांसाठी पेट्रोल? त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. डांबर काढायचा वेगळा स्प्रे मिळतो, तो वापरा आणि नंतर ती जागा शॅम्पूने धुऊन वॅक्स लावा.

घरातल्या वस्तूंपैकी एक मात्र मी बिनधास्त वापरतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी, बुरशीसारखी दिसणारी पूड आली की कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा. गाडी बंद, आधी ऋण टोकाची वायर सोडवायची, मग धन. जुन्या टूथब्रशने लावला की आम्ल शमेपर्यंत फेस येतो. पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. पुसून, वाळवून आधी धन जोडायचं, शेवटी ऋण. टूथपेस्टपेक्षा टूथब्रशच गाडीला जास्त उपयोगी पडलाय.