स्थायू, द्रव, वायू: घरातल्या वस्तूंची वर्गवारी मुलांकडून कशी करून घ्यावी

इंदुरातली मुलं ओला-सुका कचरा वेगळा करायला लहानपणीच शिकतात. पदार्थांच्या अवस्था शिकवताना तीच सवय आडवी येते. केळ्याचं साल ‘ओलं’, म्हणून ती ते खुशाल द्रवात टाकतात. तेव्हा आधीच सांगून टाका की ओलेपणा बघायचाच नाही. बघायचं ते एवढंच: भांडं बदललं की आकार बदलतो का, आणि जागा तेवढीच लागते का?

तीन ताटं मांडा. चमचा, दगड, खोडरबर पहिल्यात; पाणी, दूध, गोडंतेल वाट्यांत घालून दुसऱ्यात. अर्धा कप पाणी पेल्यातून बाटलीत ओता आणि परत मोजा. आकार बदलतो, माप तेच राहतं.

अडतं ते साखर, रवा आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्यापाशी. ही वाटीचा आकार घेतात, मग द्रवच ना? ताटलीत ओता. साखरेचा ढीग होतो, पाणी पसरतं. मग एक दाणा भिंगाखाली धरा; भांडं कुठलंही असो, त्याचा आकार बदलत नाही. निकाल दाण्यावरून द्यायचा, ढिगावरून नाही. खडीसाखरेपासून सुरुवात केली तर हे लवकर पटतं. स्पंज दाबला जातो तरी स्थायूच. पाण्याखाली दाबा, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडताना दिसेल.

तिसरं ताट रिकामंच दिसतं, म्हणून वायूला जास्त वेळ द्या. पेल्याच्या तळाशी कागद घट्ट कोंबा, पेला उपडा करून सरळ बादलीत दाबा. कागद कोरडा राहतो. पेला तिरका झाला की हवा निसटते आणि कागद भिजतो; तेही मुद्दाम करून दाखवा. नंतर बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर आणि फुग्यात एक लहान चमचा खायचा सोडा घ्या. फुगा आधी एकदा फुगवून सैल करा, बाटलीच्या तोंडावर चढवून बोटांनी धरा आणि सोडा आत पाडा. कार्बन डायऑक्साइडने फुगा फुगतो. बेकिंग पावडर वापरली तर कमी फुगतो, कारण तिच्यात स्टार्च मिसळलेला असतो.

चहाच्या किटलीवरचा पांढरा धूर वायूत घालू नका. ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ तोटीच्या अगदी जवळ, जिथे काहीच दिसत नाही तिथे. हे लांबूनच दाखवा, हात भाजतो.

साजूक तूप जानेवारीत पहिल्या ताटात जातं, मे महिन्यात दुसऱ्या. थिजलेली वाटी कोमट पाण्यात ठेवली की मुलं स्वतःच ती उचलून दुसऱ्या ताटात ठेवतात. टूथपेस्ट, श्रीखंड, साबणाचा फेस यांच्यासाठी चौथं ताट ठेवा. ओढूनताणून तिघांत बसवू नका.