टेक्ससला ट्रान्सफर घेऊन येताय? मग हे वाचा

ऑगस्ट जवळ आला की ठरलेला मेसेज येतो, दादा मी दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर घेऊन डॅलसला येतोय, नवीन युनिव्हर्सिटीच्या ऑरिएंटेशनला जायलाच पाहिजे का, मी तर वर्षभर अमेरिकेतच आहे. जा बाबा. हा शहाणपणा मी करून बसलोय. मागच्या रांगेत फोन चाळत होतो आणि दीड तासातलं कामाचं एकच वाक्य नेमकं सुटलं, की स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स असेल तर वेव्हर, म्हणजे युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स नको असा अर्ज, अमुक तारखेच्या आत भरा. पोर्टलवर फीच्या खाली इन्शुरन्सची जास्तीची ओळ दिसली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते, काउंटरवरच्या बाई गोड हसून नाही म्हणाल्या.

पण खरा घोळ आधीच होतो, सेव्हिसच्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) रिलीज डेटला. ही तारीख तुम्ही जुन्या कॉलेजच्या डीएसओशी, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलून ठरवता. त्या दिवशी तुमचं रेकॉर्ड नव्या युनिव्हर्सिटीकडे जातं आणि जुन्या कॅम्पसवरचा जॉब तिथेच संपतो, ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेला तात्पुरता कामाचा परवाना) असाल तर ओपीटीसुद्धा. मला नवीन आय-२० ची (युनिव्हर्सिटी देते तो विद्यार्थी व्हिसाचा कागद) इतकी घाई की सेमिस्टर संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख टाकली, डायनिंग हॉलच्या तीन आठवड्यांच्या शिफ्ट गेल्या, आणि नवीन कॉलेज सुरू व्हायला अडीच महिने होते! शेवटचा पगार कधीचा ते बघून मग तारीख द्या. फक्त नवीन क्लास रिलीज डेटपासून पाच महिन्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत एवढं सांभाळा. आल्यावर प्रोग्राम सुरू होण्याच्या तारखेपासून १५ दिवसांत इंटरनॅशनल ऑफिसला रिपोर्ट करायचं, आणि घर बदललं की १० दिवसांत पत्ता कळवायचा. सेव्हिस नंबर तोच राहतो, सेव्हिसची फी परत भरायची नाही. व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी मुदत असेल तर चालतो, त्यावरून उगाच रात्री जागवू नका.

टेक्ससची एक खास गोष्ट म्हणजे मेनिंजायटिसची लस. २२ च्या आतले असाल तर क्लास सुरू व्हायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते, ट्रान्सफरवाल्यांनाही, नाहीतर रजिस्ट्रेशनवर होल्ड, म्हणजे ते अडकतं. आणि इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीची किमान १००० डॉलरची कॉम्पिटिटिव्ह स्कॉलरशिप मिळाली तर इन-स्टेट फी, म्हणजे टेक्ससच्या रहिवाशांची कमी फी, लागू शकते, म्हणजे हजाराची स्कॉलरशिप दिसायला छोटी पण फरक काही हजारांचा पडतो. डिपार्टमेंटला स्वतःहून विचारा, लाजू नका.

जुन्या कॉलेजात केलेल्या विषयांच्या क्रेडिटचं म्हणाल तर नुसत्या विषयाच्या नावावर कुणी देत नाही, सिलॅबस मागतात. जुना लॉगिन बंद व्हायच्या आत सगळे सिलॅबस पीडीएफ उतरवून ठेवा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्टही (अधिकृत गुणपत्रक) बऱ्याचदा परत मागतात, घरून एखादा जास्तीचा सीलबंद सेट मागवून ठेवलेला बरा.

बाकी भांडीकुंडी, किराणा सगळं इथे मिळतं. गाडीशिवाय मात्र हाल. फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला, आलात तर गणपती बहुधा पहिल्या महिन्याभरातच येतात, महाराष्ट्र मंडळात व्हॉलंटियर म्हणून नाव द्या. पंगतीत वाढायला उभं राहिलात की रूममेट शोधणारे, गाडी विकणारे सगळे तिथेच भेटतात. माझी पहिली करोला वरणभात वाढतानाच ठरली, एसी सोडून सगळं चालू होतं.