होर्वात आडनावाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

क्रोएशियात सर्वाधिक लोकांचं आडनाव होर्वात आहे. देशाची लोकसंख्या जेमतेम ३९ लाख, त्यात सुमारे २० हजार होर्वात. त्यानंतर कोवाचेविच आणि बाबिच. शेजारच्या स्लोव्हेनियातही होर्वात वरच्या क्रमांकांवर आहे, आणि हंगेरी-स्लोव्हाकियात त्याचंच भावंड असलेलं होर्वाथ अगदी आघाडीवर. अर्थ एका शब्दात सांगता येतो: होर्वात म्हणजे क्रोएट. क्रोएट लोक स्वतःला हर्वात म्हणतात, त्याचंच हे रूप. आणि अर्थ इतका उघड आहे म्हणूनच शोध घेणारे पहिल्याच पायरीवर घसरतात.

‘क्रोएट’ म्हणजे मूळचे इथलेच

ज्या गावात सगळेच क्रोएट, तिथे एकालाच ‘क्रोएट’ अशी हाक कोण मारेल? असं आडनाव वेगळेपणातून चिकटतं. महाराष्ट्रात गुजराथी आणि तेलंग ही आडनावं भेटतात, तसंच हे. म्हणजे होर्वात हे नाव बहुधा शेजाऱ्यांनी दिलेलं, आणि ते ‘हा दुसरीकडून आलाय’ एवढंच सांगतं.

दुसरीकडून म्हणजे कुठून, हे कळायला जुना नकाशा लागतो. मध्ययुगात क्रोएशिया हे नाव मुख्यतः दक्षिणेकडच्या, आड्रियाटिक किनाऱ्यामागच्या डोंगराळ मुलखाचं होतं. आजचं झाग्रेब, वाराझदिन, झागोर्ये हा भाग तेव्हा स्लावोनिया म्हणवला जाई (आजचा स्लावोनिया आणखी पूर्वेला आहे, दोघांची गल्लत नको). १४९३ मध्ये क्र्बावाच्या लढाईत क्रोएशियन सैन्य उस्मानी फौजेकडून हरलं आणि पुढची शंभर वर्षं दक्षिणेतली कुटुंबं उत्तरेला सरकत राहिली: झागोर्ये, मेजिमुर्ये, पश्चिम हंगेरी, आजच्या ऑस्ट्रियातलं बुर्गेनलांड, स्लोव्हाकिया. तिथल्या लोकांनी या निर्वासितांना ‘होर्वात’ म्हटलं. मधला ‘ओ’ही उत्तरेचाच आहे. झाग्रेबच्या आसपासच्या काइकावियन बोलीत हर्वातचं होर्वात होतं आणि हंगेरियन भाषेतही शब्द तसाच. म्हणून आजही हे आडनाव उत्तर क्रोएशियात दाट आणि दक्षिणेकडच्या किनारी दाल्मेशियात विरळ आहे. दाल्मेशियातल्या स्प्लिटकडच्या घराण्यात होर्वात सापडला, तर तो तिथे कधी आणि कुठून आला हे आधी पाहावं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. १७५१ मध्ये लोकांना घेऊन रशियाच्या साम्राज्यात गेलेला लष्करी अधिकारी योवान होर्वात सर्ब होता. स्लोव्हाकियातल्या अनेक रोमा (जिप्सी) कुटुंबांचं आडनाव होर्वाथ आहे. आडनावावरून वंश ठरवू नका.

सरस्वतीपर्यंत उडी

भारतीय वाचकांना हा मोह फार होतो. तर्क असा मांडतात: हर्वात हा शब्द प्राचीन इराणी ‘हरह्वती’वरून आला, हरह्वती म्हणजेच सरस्वती, म्हणून क्रोएट मूळचे सरस्वतीकाठचे. यातला मधला दुवा पक्का आहे. संस्कृत ‘स’चा इराणीत ‘ह’ होतो (सप्त-हप्त, सिंधू-हिंदू), त्यामुळे हरह्वती आणि सरस्वती ही एकाच शब्दाची दोन रूपं. पण हरह्वती ते हर्वात हा दुवा केवळ ध्वनिसाम्यावर उभा आहे. हर्वात शब्दाला इराणी मूळ असावं असं बरेच अभ्यासक मानतात, त्यासाठी ते रशियातल्या डॉन नदीच्या मुखाजवळच्या तानाइस या प्राचीन शहरातल्या, इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ग्रीक शिलालेखांतल्या व्यक्तिनामांकडे बोट दाखवतात. तरी एकमत नाही. आणि एकमत झालं तरी ती व्युत्पत्ती जमातीच्या नावाची. आडनाव त्यानंतर हजारभर वर्षांनी जन्मलं.

‘थ’ आणि ‘च’ यांचे घोटाळे

हंगेरियन लेखनात शेवटी ‘टीएच’ दिसलं की आपण ‘होर्वाथ’ वाचतो. तो ‘थ’ नाही; जुन्या हंगेरियन लेखनपद्धतीतला साधा ‘त’ आहे. उच्चार दोन्हींचा होर्वात. मराठीत होर्वाथ रूढ झालंय म्हणून या लेखातही हंगेरियन रूप तसंच लिहिलंय, पण ते वेगळं आडनाव मानून शोधातून वगळलंत तर अर्धी नोंद हातची जाईल. मेजिमुर्ये १९१८ पर्यंत हंगेरीच्या प्रशासनात होता, त्यामुळे एकाच माणसाचा जन्म ‘टीएच’ने आणि मृत्यू नुसत्या ‘टी’ने नोंदलेला असू शकतो. ऑनलाइन शोधताना किमान चार रूपं टाका: शेवटी टी, शेवटी टीएच, ‘ए’वर तिरपी रेघ असलेलं, आणि ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’.

होर्वातिच आणि होर्वातिन्चिच मात्र स्वतंत्र धरा. ‘इच’ हा प्रत्यय ‘चा मुलगा’ किंवा ‘धाकटा’ असा अर्थ देतो. होर्वातिच घराणं होर्वातांच्या शाखेतून निघालं असेलच असं नाही. वाचताना एक सोय आपल्याकडे आहे: क्रोएशियन लिपीत खुणेशिवायचा ‘सी’ म्हणजे ‘चमचा’तला च, आणि खूण असलेला ‘सी’ म्हणजे ‘चहा’तला. इंग्रजी वाचक इथे अडखळतात.

नोंदवहीत होणाऱ्या चुका

खरा वेळ इथेच जातो. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवणं चर्चना बंधनकारक केलं, तेव्हापासून आडनावंही स्थिरावत गेली. जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्ये आहेत. तिथला योआनेस म्हणजे इवान, गेओर्गियुस म्हणजे युराय. हंगेरियन नोंदीत आडनाव आधी येतं: होर्वाथ यानोश म्हणजे इवान होर्वात. क्रोएशियन नोंदीत ‘इवाना होर्वाता’ दिसलं तर बाई समजू नका. ‘इवान होर्वातचा’ असं ते षष्ठीतलं रूप आहे. बाईच्या होर्वात आडनावाला असा विभक्तिप्रत्यय लागत नाही, ही ओळखायची खूण.

तारखांत तर हमखास फसगत होते. ७ आकडा आणि पुढे ‘बेर’ असं लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, रोमन दहा डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश आठवलं की प्रश्न मिटतो.

एकाच गावात, एकाच वर्षी तीन-तीन इवान होर्वात सापडतील. नाव आणि वर्ष जुळलं म्हणून माणूस जुळला, हा वंशवेल बिघडवणारा सगळ्यांत मोठा घोटाळा. प्रत्येक नोंदीतून वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, घर क्रमांक आणि कुम, म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्मपालक, उतरवून घ्या. यातल्या तीन गोष्टी जुळेपर्यंत दोन नोंदी जोडू नका. चर्चमध्ये ‘स्तान्ये दुशा’ नावाची कुटुंबवार यादीही ठेवत. ती मिळाली तर अख्खं घर एका पानावर दिसतं. गावकरी वेगवेगळ्या होर्वात घरांना टोपणनावाने ओळखतात आणि ते कधी कधी आडनावाशेजारी लिहिलेलं असतं. अनुक्रमणिका करणारे ते गाळतात, म्हणून मूळ पानाचं छायाचित्र उघडून पाहा.

विकतचं कुलचिन्ह

‘होर्वात घराण्याचं कुलचिन्ह’ फ्रेम करून विकणारे पुष्कळ. कुलचिन्ह विशिष्ट घराण्याला मिळतं, आडनावाला नाही. १५५६ मध्ये हंगेरीतल्या सिगेतवारचा किल्ला राखणारा मार्को स्तान्चिच होर्वात सरदार खरा, पण त्याच्या घराण्याचं नाव स्तान्चिच. होर्वात ही त्याला जोडलेली ओळख. त्याच्या चिन्हावर मेजिमुर्यातल्या शेतकरी होर्वातांचा हक्क कसा पोचेल?

अमेरिकेतून मागे येताना

पूर्वज अमेरिकेत गेले असतील तर ‘एलिस बेटावर (न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर) साहेबाने नाव बदललं’ ही कथा घरोघरी सांगतात. तिथले अधिकारी नवी नावं लिहीत नसत. निघतानाच जहाज कंपनीने केलेल्या यादीशी ताडून पाहत. बदल बहुतेकदा पुढे, शाळेत, नोकरीत किंवा नागरिकत्वाच्या अर्जात झाला. १९१८ पूर्वीच्या याद्यांत देश ऑस्ट्रिया किंवा हंगेरी लिहिलेला असतो आणि वंशाच्या रकान्यात क्रोएशियन-स्लोव्हेनियन असा एकत्र गट. तेवढ्यावरून स्लोव्हेनियाकडे वळू नका. त्याच ओळीत शेवटचा मुक्काम आणि मागे राहिलेल्या नातेवाइकाचं गाव असतं. त्या गावाचं चर्च कोणतं, हे शोधूनच नोंदवही उघडा. मोठ्या गावाचं नाव सांगणारा माणूस बऱ्याचदा शेजारच्या वाडीतला निघतो.